गाडी पीयूसीत नापास झाली, आता काय? नाशिकच्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

सिडको, इंदिरानगरपासून सिन्नर, ओझरपर्यंतचे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी आणि तिचं प्रमाणपत्र. उत्तरं खासगी चारचाकी गाड्यांपुरती आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ वाचा. नापास गाडीवरचा निम्मा फालतू खर्च तिथेच वाचतो.

१. पीयूसी कधीपासून लागते आणि किती दिवस चालते?

नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर कायम लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११५ हा त्याचा आधार. बीएस-४ आणि बीएस-६ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराची सरकारी मानकं) गाड्यांचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी नाही, हायब्रिडला आहे. प्रमाणपत्र देशभर चालतं आणि कुठल्याही अधिकृत केंद्रावर काढता येतं. गुजरात पासिंगची गाडी पंचवटीत तपासली तरी चालते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दर वाढले, तेव्हापासून पेट्रोल, सीएनजी, एलपीजी चारचाकीला १२५ रुपये आणि डिझेलला १५० रुपये.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी जाऊ नका. दोन-तीन आठवडे आधी गेलात तर नापास झाल्यावर दुरुस्तीला वेळ उरतो.

२. केंद्रात नेमकं काय तपासतात? माझ्यासमोर तर नळी घातली, काढली आणि कागद हातात दिला.

पेट्रोल गाडीत सायलेन्सरच्या तोंडातून साधारण फूटभर आत नळी जायला हवी. नुसती तोंडाशी टेकवली तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडे खोटे येतात. गाडी आयडलिंगवर असताना कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि हायड्रोकार्बन (एचसी) मोजतात. बीएस-४ पासूनच्या गाड्यांची आणखी एक चाचणी असते. रेस देऊन इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरायचं आणि पुन्हा सीओ व लॅम्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) मोजायचा. तुमची गाडी बीएस-४ किंवा ६ असून कुणी अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावला नसेल, तर चाचणी अर्धीच झाली.

डिझेलची तपासणी वेगळी असते, ती प्रश्न ८ मध्ये.

३. नापास झाल्यावर केंद्राने काय द्यायला हवं? मला "होत नाही, नंतर या" एवढंच सांगितलं.

जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने पीयूसीचा नमुना देशभर एकसारखा केला. क्यूआर कोड, मालकाचा मोबाइल नंबर हे सगळं तेव्हा आलं आणि त्याचबरोबर नापास गाडीसाठी रिजेक्शन स्लिपही आली. गाडी मर्यादेबाहेर गेली तर आकड्यांसह छापील स्लिप मिळायला हवी. गॅरेजमध्ये दाखवायला आणि यंत्राबद्दल शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर पडताळून घ्यायला ती असते. "नंतर या" म्हणणारा पीयूसीवाला तुमच्यावर उपकार करत नाही, तुमच्या मेकॅनिकला आंधळं करतो. स्लिप मागून घ्या. अगदीच मिळाली नाही तर यंत्राच्या पडद्याचा फोटो तरी काढा.

४. स्लिपवरच्या आकड्यांवरून बिघाड कळतो का?

बराचसा कळतो. आधी मर्यादा पाहा. पेट्रोलच्या बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीला आयडलिंगवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमपर्यंत चालतो. रेस दिल्यावर सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत हवा. बीएस-२ आणि बीएस-३ ला सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम. त्याहून जुन्या गाड्यांना सीओ ३ टक्के, एचसी १५००.

आता कोणता आकडा चढलाय ते बघा.

फक्त सीओ चढला असेल तर इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. धुळीने बसलेला एअर फिल्टर, थकलेला ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर ही नेहमीची कारणं. एक कारण हमखास सुटतं, ते म्हणजे उघडा अडकलेला थर्मोस्टॅट. इंजिन तापतच नाही, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) वाटतं अजून गार आहे, आणि तो पेट्रोल ओतत राहतो. अंबड-सातपूर भागात रोज धुळीतून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाआधीच बसतो, तेव्हा पहिली नजर तिथे टाका.

फक्त एचसी चढला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे गाडी कुठेतरी मिस मारतेय. प्लग, कॉइल, प्लगच्या वायरी बघा. सगळं ठीक असेल तर कॉम्प्रेशन तपासा. इंजिन ऑइल खात असेल तरी एचसी वाढतो. ऑइल फार जुनं असेल तर त्यात मुरलेलं पेट्रोल वाफ होऊन पुन्हा इंजिनात येतं आणि आकडा चढवतं. सर्व्हिसिंग उरकून मग पीयूसीला जा म्हणतात ते म्हणूनच.

लॅम्डा १.०३ च्या वर गेला आणि बाकी आकडे बरे असतील तर सायलेन्सरला भोक आहे का ते आधी बघा. भोकातून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि यंत्राला ऑक्सिजन जास्त दिसतो. भोक सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरही फसतो आणि ईसीयू गरज नसताना पेट्रोल वाढवतो. मग सीओही चढतो आणि मेकॅनिक भलत्याच दिशेला जातो. व्हॅक्यूमची चिरलेली नळी हे लॅम्डा चढण्याचं दुसरं कारण.

सीओ आणि एचसी दोन्ही चढले, पण लॅम्डा १ च्या आसपास स्थिर आहे, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग, थोडक्यात कॅट) संशय घ्यायला जागा आहे. पण नुसता संशय. प्रश्न ५ आणि ६ वाचल्याशिवाय खिशात हात घालू नका.

५. गाडी मख्खन चालते, अ‍ॅव्हरेजही पडलेला नाही. तरी नापास कशी?

गार गाडी नेली असेल. कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कुठे कामाला लागतो. घराजवळच्या पंपावर पाच मिनिटांत पोहोचलात आणि रांगेत इंजिन बंद करून अर्धा तास थांबलात, तर यंत्र गार कॅटचे आकडे दाखवणार. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ कशी असते ते सांगायला नको, त्या दिवसांत अशा तक्रारी जास्त येतात.

वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्याने चालवून थेट केंद्रावर जा. महामार्गाने ओझरच्या दिशेला दहाव्या मैलापर्यंत जाऊन परत या, किंवा त्र्यंबक रोडने थोडं पुढे जाऊन या. थोडा वेळ एक गिअर खाली ठेवून इंजिन जरा वर फिरू द्या. रांगेत इंजिन चालू ठेवा, एसी बंद करा. ही लबाडी नव्हे. चाचणी तापलेल्या इंजिनावरच व्हायची असते.

एवढं करूनही नापास झाली तर मग बिघाड खरा आहे.

६. मेकॅनिक थेट कॅट बदला म्हणतोय. बदलू का?

लगेच नको. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, र्‍होडियम असे महाग धातू असतात, म्हणून त्याचं बिल मोठं येतं. शिवाय कॅट आपणहून क्वचित मरतो. त्याला कोणीतरी मारतं. गाडी महिनोन्‌महिने मिस मारत राहिली की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. इंजिन ऑइल किंवा कूलंट खात असेल तर त्याचा थर जाळीवर बसतो. मूळ दुखणं तसंच ठेवून नवा कॅट बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

क्रम असा धरा. एअर फिल्टर, प्लग, ऑइल. मग स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाही असं गाडीचंच म्हणणं. पी०४२० आला तरी सायलेन्सरची गळती आणि ऑक्सिजन सेन्सरची हालचाल तपासायला लावा, कारण त्यांच्यामुळेही हाच कोड येतो. सेन्सर काही हजारांत येतो. हे सगळं चोख निघालं आणि आकडे तरीही चढेच असले, तर कॅट.

कोड पुसून देणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. चेक इंजिनचा दिवा विझतो, धुरात काही फरक पडत नाही. कोड पुसल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर ईसीयूने शिकलेले हिशेबही जातात, त्यामुळे लगेच तपासणीला न जाता थोडे दिवस गाडी चालवून मग जा.

७. कॅट काढून साधा पाइप टाकला तर चालेल का? गॅरेजवाला म्हणतो पिकअप वाढेल.

नाही. बीएस-४ पासूनच्या गाडीला कॅटशिवाय ०.३ आणि २०० च्या आत येणं जवळपास अशक्य आहे, म्हणजे पुढच्या पीयूसीला तुम्ही पुन्हा याच पानावर येणार. शिवाय गाडीत असा फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली मालकावर प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. काढलेला जुना कॅट कोण घेऊन जातं आणि कितीला विकतं, हेही गॅरेजवाल्याला विचारून बघा.

८. डिझेल गाडी रेस दिली की काळा धूर सोडते. आणि तपासणीत इतकी रेस देतात की इंजिनची भीती वाटते.

डिझेलमध्ये वायू मोजत नाहीत, धुराचा दाटपणा मोजतात. इंजिन तापलेलं हवं, ऑइल किमान ६० अंशांवर. मग न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबून सोडायचा, असं अनेकदा करून सरासरी काढतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५ (यंत्राच्या दुसऱ्या मापात ६५ हार्ट्रिज), बीएस-४ ला १.६२ (५० हार्ट्रिज), बीएस-६ ला त्याहून कडक.

भीती अगदीच निराधार नाही. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ टळून गेली असेल किंवा ऑइल कमी असेल, तर इतकी रेस महागात पडू शकते. बेल्ट कधी बदलला ते आठवत नसेल तर आधी तो बघून घ्या.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटलेला होज (गाडी ओढत नसेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर बहुधा हाच), काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा), मग इंजेक्टर. इंजेक्टर शेवटी, कारण ते कॅलिब्रेशनला पाठवायचे तर गाडी अडकून पडते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथे टर्बोचं सील किंवा रिंग. पांढरा धूर तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंटची पातळी बघा. थंडीत सकाळी दिसणारी वाफ मात्र वाफच असते, तिला धूर समजू नका.

बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. रोजचा प्रवास कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढाच असेल तर त्यात साचलेली काजळी जळायला संधीच मिळत नाही. अशी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग अर्धा-पाऊण तास एकाच वेगाने चालवा. डीपीएफ आतून पोखरून देणाऱ्यांना प्रश्न ७ मधलंच उत्तर लागू.

९. पेट्रोलवर पास होते, सीएनजीवर नापास. असं का?

सीएनजीचं ट्यूनिंग वेगळं असतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) डायफ्रॅम कडक होतो, गॅसचा फिल्टर बसतो किंवा किटचा ईसीयू गाडीशी नीट जुळवलेला नसतो. किट बसवणाऱ्याकडेच लॅपटॉप लावून जुळवणी करून घ्या. सीएनजीला ठिणगीही जोरकस लागते, म्हणून पेट्रोलवर निभावणारा झिजलेला प्लग गॅसवर मिस मारतो. सीएनजी गाडीचे प्लग लवकर बदला, कंजूषपणा करू नका.

किट आरसीवर चढवलेलं नसेल तर तो वेगळाच प्रश्न आहे. आधी पेठ रोडच्या आरटीओत नोंद करून घ्या. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तिची मुदतही त्याच वेळी बघून ठेवा.

१०. वडिलांची कार्बोरेटरची जुनी मारुती आहे. तिचं काय?

तिला ३ टक्के आणि १५०० पीपीएमची सैल मर्यादा आहे. कार्बोरेटर उघडून साफ केला, फ्लोटची पातळी बसवली, प्लग आणि पॉइंट नीट केले की जाणकार मेकॅनिक मिक्स्चर स्क्रूवर गाडी मर्यादेत आणतो. फक्त तो यंत्राचे आकडे बघत स्क्रू फिरवणारा हवा. कानाने ट्यूनिंग करणारे जुने फिटर गाडी गोड चालेल अशी लावतात, आणि गोड चालणारी गाडी बहुधा जरा जास्तच पेट्रोल पीत असते.

११. माझी २०१३ ची गाडी पुण्याहून घेतली. ती बीएस-३ धरायची की बीएस-४?

महत्त्वाचा प्रश्न, कारण त्यावर मर्यादाही बदलते आणि मुदतही. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं, पण पुणे, मुंबई, सोलापूर अशा काही शहरांत ते २०१० मध्येच आलं होतं. म्हणून त्या काळातली एकाच मॉडेलची दोन गाड्यांची जोडी शेजारीशेजारी उभी केली तर एक बीएस-३ आणि एक बीएस-४ निघू शकते. अंदाज करू नका. एमपरिवहन अ‍ॅपमध्ये किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंद बघा. पीयूसीचं यंत्रही तीच नोंद धरून मर्यादा लावतं. नोंद चुकीची वाटली तर दुरुस्ती आरटीओतच होते, पीयूसीवाल्याशी वाद घालून उपयोग नाही.

१२. एका केंद्रावर नापास, तासाभराने दुसरीकडे पास. कोणाचं खरं?

दोघांचंही असू शकतं. पहिल्या ठिकाणी गाडी गार असेल (प्रश्न ५), दुसरीकडे नळी नीट आत गेली नसेल (प्रश्न २). आकडे बघा. ०.३२ चे ०.२६ झाले असतील तर गाडी काठावर आहे, फिल्टर-प्लग बघून घ्या. एचसी ६०० चा एकदम ४० झाला असेल तर दोनपैकी एका यंत्रात नक्की गडबड आहे. तिसऱ्या जागी दाखवा. शे-सव्वाशे रुपयांत खात्री होते.

१३. ओळखीचा माणूस गाडी न नेता पीयूसी काढून देतो. काय बिघडतं?

केंद्राला गाडीचा फोटो काढून तो पोर्टलवर चढवावा लागतो. गाडी नसताना निघालेलं प्रमाणपत्र कुठल्या तरी खोट्या फोटोवर उभं असतं आणि त्यावर तुमचा नंबर व मोबाइल छापलेला असतो. शंका आल्यास अधिकारी लेखी आदेश देऊन पुन्हा तपासणी करायला लावू शकतो, आणि त्यात गाडी मर्यादेत आली नाही तर पीयूसी मिळेपर्यंत आरसी निलंबित होऊ शकते.

आणि नाशिकच्या हवेचं म्हणाल, तर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं नाव आहे. थंड हवेचं गाव म्हणून मिरवायचं आणि कागद विकत घ्यायचा, हे काही जमत नाही.

१४. पीयूसी संपली आहे, गाडी नापास आहे. गॅरेजपर्यंत कशी नेऊ? पकडलं तर किती दंड?

रिजेक्शन स्लिप म्हणजे रस्त्यावर फिरण्याचा परवाना नव्हे. घरापासून थेट गॅरेज आणि तिथून थेट केंद्र एवढंच करा, स्लिप आणि गॅरेजचं बिल जवळ ठेवा. गाडी उघड धूर ओकत असेल तर सरळ टोइंग करा. कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय पहिल्या गुन्ह्याला तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. कलम सार्वजनिक ठिकाणी चालवण्याबद्दल आहे, तेव्हा बंगल्याच्या आवारात उभ्या गाडीसाठी घाबरण्याचं कारण नाही.

पीयूसी काढलेली आहे पण कागद हरवला, तर पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकून पुन्हा उतरवून घेता येते.

१५. पीयूसी नसेल तर विमा कंपनी क्लेम नाकारते का?

फक्त त्या कारणावरून नाकारता येत नाही. विमा नियामकाने ऑगस्ट २०२० मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश होता, थर्ड पार्टी विम्यापुरती ती अट न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये काढली. एजंट अजूनही जुनंच सांगतात.

१६. गाडीला पंधरा वर्षं झाली. नापास झाली तर भंगारातच का?

नाही. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची बंदी दिल्ली परिसराची आहे, आपल्याकडे ती नाही. इथे पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. त्यासाठी चालू पीयूसी, विमा आणि पर्यावरण कर लागतो. म्हणून नूतनीकरणाच्या बऱ्याच आधी पीयूसीचे आकडे बघा. इंजिनचं काम निघालंच तर गाडीच्या किमतीशी खर्च ताडून ठरवता येईल.

१७. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे नापास झाली असेल का?

थेट त्याच्यामुळे होण्याची शक्यता कमी. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे सीओ उलट कमी व्हायला हवा, आणि सेन्सर असलेल्या गाडीत ईसीयू मिश्रण सावरून घेतो. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि सील खराब होऊन गळती लागू शकते, ती मात्र बघा. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गाडी मिस मारते. टाकीतलं जुनं पेट्रोल संपवून नवं भरा, मग तपासणीला जा.

१८. पावसाळ्यात गाडी पाण्यात अडकली होती, तेव्हापासून नापास होते.

गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की गोदाकाठी लावलेल्या गाड्यांचं काय होतं ते दर वर्षी दिसतंच. तापलेल्या कॅटवर एकदम गार पाणी पडलं तर आतली चिनी मातीची जाळी तडकते. गाडी गार असताना सायलेन्सरवर मुठीने हलकं ठोकून बघा. आत काही खुळखुळलं तर जाळी फुटली आहे, आणि इथे प्रश्न ६ मधला क्रम सोडून आधी कॅटच उघडा. ऑक्सिजन सेन्सरच्या कनेक्टरमध्ये गेलेलं पाणी पुसून, वाळवून पुन्हा कोड वाचा. सर्वसमावेशक विमा असेल तर दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू देऊ नका.

१९. जुनी गाडी विकत घेतोय. विक्रेता म्हणतो पीयूसी चालू आहे. पुरे का?

मुदतीची तारीख सोडून आकडे वाचा. शक्य असेल तर आधीच्या दोन-तीन प्रमाणपत्रांचेही मागा. एचसी दर वर्षी चढत आलेला असेल तर इंजिन म्हातारं होत चाललंय. ओळीने सगळ्या कागदांवर हुबेहूब तेच आकडे असतील तर प्रश्न १३ आठवा. सौदा ठरवण्याआधी गाडी तापवून तुमच्या पसंतीच्या केंद्रावर स्वतः तपासून घ्या, आणि नापास झाली तर रिजेक्शन स्लिप हातात घेऊनच भावाची बोलणी करा.